पहिला हात कुणाचा

धाकट्यांना घाबरायची सवय होती. लिफ्टला, कुत्र्यांना, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला आणि ओळखीच्या नंबरवरून आलेल्या फोनला ते नेमानं घाबरत. पण सोमवारी सकाळी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून त्यांच्या हातात एक परिपत्रक ठेवलं, तेव्हा जी भीती वाटली ती नेहमीच्या मापाची नव्हती.

धाकटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीच्या दावे विभागात ते वयानं सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांचे, म्हणून नाव पडलं धाकटे. आणि कार्यालय सभ्य, म्हणून अहो-जाहो. लोकांची हाडं मोडली, घरं भिजली, स्वयंपाकघरं पेटली की त्याचे कागद या विभागात येत आणि झालं ते खरंच झालं का, हे विभाग ठरवी. धाकट्यांकडे फक्त फुटलेल्या काचा होत्या. अकरा महिने त्यांनी काचांखेरीज काही पाहिलं नव्हतं. या महिन्याअखेर ते नोकरीत कायम होणार होते, किंवा होणार नव्हते.

परिपत्रक मुख्य कार्यालयाचं होतं. प्रत्येक विभागानं महिनाअखेरीपूर्वी संघभावना वाढवणारा एक उपक्रम पार पाडावा. सोबत छायाचित्र जोडावं. छायाचित्रात सर्व कर्मचारी हसत असावेत.

"शेवटचं वाक्य वाचलंत?" मॅडमनी विचारलं. मॅडम इतकं हळू बोलत की ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि पुढं वाकलेला माणूस आपोआप अपराधी दिसतो.

"हो मॅडम. हसत असावेत."

"आपल्या विभागात शेवटचं कोण हसलं होतं?"

धाकट्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मी नव्हतो मॅडम."

मॅडमनी टेबलावरचा एक फॉर्म बोटानं सरळ केला. धाकट्यांनी तो उलटा वाचला. तो त्यांचाच होता, कायम करण्याबाबतचा. सहा रकाने मॅडमच्या टोकदार अक्षरात भरलेले होते. सातवा कोरा होता: 'सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची क्षमता'.

"उपक्रम तुम्ही निवडायचा," मॅडम म्हणाल्या. "चौघांचीही लेखी संमती घ्यायची. आणि कुणाला काही होता कामा नये. दावे विभागातच दावा निघाला, तर मला ते बरं दिसणार नाही."

बरं दिसलं नाही की मॅडम काय करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकट्यांच्या आधी काचा सांभाळणारा माणूस हल्ली तळघरात जुनी दप्तरं सांभाळतो, एवढंच ठाऊक होतं. जेवायच्या सुट्टीत तो वर यायचा आणि उजेडात डोळे मिचकावत उभा राहायचा.

आता ते चौघे कोण, हे सांगितलं पाहिजे. हाडवैद्य बावीस वर्षं मोडलेल्या हाडांचे दावे पाहत होते. जलकाकांकडे पूर, गळती आणि बुडणं. शंकाताईंकडे आग, भाजणं आणि एकूणच संशय. आणि भिंग, म्हणजे दाव्यांसोबत आलेले फोटो भिंगातून तपासणारे गृहस्थ. समोरच्या माणसाकडेही ते तो फोटो असल्यासारखेच बघत.

आणि या विभागाची एक रीत होती, तीही सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. प्रत्येक निर्णयावर दोन सह्या लागत. पहिली सही करणारा निर्णय घेई. दुसरी सही करणारा 'पाहिलं' एवढंच म्हणे. पुढं चूक निघाली, तर मान पहिल्या सहीवाल्याची जाई. दुसऱ्याला कुणी काही विचारत नसे. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या सरावानं चौघंही दुसऱ्या सहीत तरबेज झाले होते. फाईल आली की ती चारही टेबलांवरून फिरे, सगळे तिच्याकडे आदरानं बघत, पण पहिला हात कुणी लावत नसे. अखेर कंटाळून मॅडम पहिली सही करत, आणि मग चार पेनं एकदम उघडत.

धाकट्यांनी त्याच दिवशी अकरा उपक्रमांची यादी केली आणि जलकाकांकडून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात प्रेमळ होते.

"नौकाविहार," जलकाकांनी मायेनं वाचलं. "धाकटे, बसा. पाणी प्या. पिऊ नका म्हणणार होतो, पण प्या." मग त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. तळं गुडघाभर पाण्याचं होतं, बोट नवी होती, माणूस पोहण्यात पदक मिळवलेला होता. पुढचं धाकट्यांना वाचवेना.

"टेकडी चढणं," हाडवैद्यांनी वाचलं आणि समाधानानं मान हलवली. "चढताना फारसं होत नाही. घोटा, झालं तर गुडघा. उतरताना मात्र फार छान छान प्रकार होतात." त्यांच्या टेबलावर प्लास्टिकचा एक मानवी पाय होता. त्यावर त्यांनी ते प्रकार पेन्सिलीनं दाखवले.

"सगळ्यांनी मिळून स्वयंपाक," शंकाताई म्हणाल्या. "गॅस कोण लावणार?"

"मी लावीन, ताई."

"आणि बंद कोण करणार?"

"मीच करीन."

"केलात हे आम्हाला कसं कळणार?"

धाकट्यांनी स्वयंपाक खोडला. समूहगान राहिलं होतं, तेही गेलं. वरचा सूर लावताना एकाचा जबडा निसटला होता आणि नऊ दिवस तो सगळ्यांकडे आश्चर्यानं बघत असल्यासारखा दिसत होता. संगीत खुर्चीची फाईल एवढी जाड होती की ती आणतानाच भिंग यांच्या पाठीत उसण भरली. बुद्धिबळसुद्धा सुटलं नाही. "लाकडी पट होता," हाडवैद्य म्हणाले. "हरणारा शीघ्रकोपी होता." शेवटी शेवटी धाकट्यांनी घाईघाईनं 'गोल करून शांत बसणे' असं एक लिहिलं होतं. चौघांनी त्यावर बराच विचार केला. मग शंकाताई उठल्या आणि त्याचीही फाईल घेऊन आल्या. छत पडलं होतं.

बुधवारपर्यंत यादी संपली. दरम्यान एक वाईट गोष्ट झाली होती. अकरा महिने नुसत्या काचा पाहणाऱ्या माणसानं तीन दिवसांत जगातले सगळे अपघात वाचले होते. धाकटे घरी पोचले तेव्हा आई स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढत होती. धाकट्यांनी पायातले बूटही न काढता दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"अरे, काय झालं?"

"आई, उतर. एकशे चौदा फायली आहेत स्टुलाच्या."

"मग तू सोड ना. तू हलतोयस म्हणून ते हलतंय."

तेही खरं होतं. आईनं उतरून त्यांना जमिनीवर बसवलं, कपाळाला हात लावून बघितला, आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना," ती म्हणाली. "वरच्या काकांना विचार. त्यांनी सरकारी नोकरी केलीय."

वरचे काका दीपगृहावर नोकरीला होते. एकतीस वर्षं ते समुद्रातल्या एका खडकावर एकटे राहिले होते, आणि निवृत्त झाल्यापासून माणसांनी एकमेकांशी कसं वागावं हे इमारतीत सगळ्यांना सांगत.

"माझ्या ऑफिसात एकतीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही," खाली चहाला आल्यावर ते म्हणाले.

"काका, तुम्ही एकटे होतात."

"तरी होऊ शकलं असतं." त्यांनी चहा संपवला. "हे बघ. तुला सामान नको, पाणी नको, गॅस नको. टेबलावर उभं राहायचं, पाठ करायची, डोळे मिटायचे आणि मागं पडायचं. बाकीच्यांनी झेलायचं. त्यानं विश्वास वाढतो."

"तुम्ही केलंय?"

"मी कुणाबरोबर करणार?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "पण एकतीस वर्षं करावंसं वाटायचं."

हे ऐकून आईनं त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

दुसऱ्या दिवशी धाकटे स्वतः तळघरात उतरले. काचांचे जुने गृहस्थ आणि ते अशा दोघांनी मिळून चाळीस वर्षांची दप्तरं पालथी घातली. मागं पडून झेलले जाण्याच्या प्रकारात आजवर एकही दावा आला नव्हता. एकही नाही. धाकटे धावतच वर गेले, म्हणजे कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत, मनानं धावत.

चौघं अस्वस्थ झाले. फाईल नाही म्हटल्यावर हरकत कशाच्या जोरावर घेणार? शंकाताईंनी "लोक पडले असतील आणि लाजेनं सांगितलं नसेल" असा मुद्दा काढून पाहिला, पण लाजेची फाईल त्यांच्याकडे नव्हती. चौघांनी संमतिपत्रावर सह्या केल्या. पहिली सही कोण करणार यावर तास गेला. शेवटी कागद गोल कापून चौघांनी गोलावर सह्या केल्या.

आता गादी. धाकट्यांनी ठरवलं होतं की झेलणारे असले तरी खाली गादी हवीच. ते स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपर जाळीमागं बसत आणि जाळीतूनच बोलत.

"गादी कशाला?"

"पडायला."

"चुकून की ठरवून?"

"ठरवून."

"मग नाही मिळणार. ठरवून पडणं म्हणजे कलम एकोणीस. त्याला कंपनी अपघात मानत नाही. अपघात नाही तर गादी नाही."

"बरं, चुकून."

"चुकून पडायचं असेल तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो."

उपक्रम उद्या होता. धाकट्यांनी विनवण्या केल्या तेव्हा स्टोअरकीपरनी दोन पायपुसणी दिली आणि ती कोरडी परत करण्याच्या अटीवर सही घेतली.

संध्याकाळी रंगीत तालीम झाली. धाकट्यांना माणूस वापरायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी माणसाएवढ्या वजनाचा फायलींचा गठ्ठा बांधला आणि टेबलावरून मागं लोटला. चौघांनी तो असा झेलला की बघत राहावं. दप्तर पडतंय म्हटल्यावर हाडवैद्य झेपावले, जलकाका गुडघ्यांवर बसले, शंकाताईंनी तर ओढणीची झोळी केली. एक कागदही हलला नाही. असं चार वेळा झालं. धाकट्यांच्या छातीवरचा दगड जरासा सरकला. त्या भरात त्यांनी योजनेचा तक्ता टाईप केला: जागा, वेळ, उंची, कोण कुठं उभं राहील. एक रकाना राहिला, 'पहिला हात कुणाचा'. तो भरायचा तर चौघांपैकी एकाला जाऊन विचारायला हवं होतं. धाकटे चौघांच्या टेबलांजवळून एकदा जाऊन आले. हाडवैद्य पेन्सिलीला टोक करत होते. जलकाकांनी "काय धाकटे?" असं विचारलं. "काही नाही," धाकटे म्हणाले, आणि रकाना कोरा ठेवला.

शुक्रवारी तीन वाजता सगळे बैठकीच्या खोलीत जमले. खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, मधल्या टेबलामागं दोन पायपुसणी अंथरली होती. मॅडम दाराशी उभ्या होत्या. पडायला कुणीच तयार नव्हतं, त्यामुळे पडायचं धाकट्यांनी हे कुणी न बोलताच ठरलं होतं.

ते टेबलावर चढले. पाठ केली. डोळे मिटले. डोळे मिटल्यावर माणसाला फार स्पष्ट ऐकू येतं.

"पहिला हात कुणाचा?" मागून कुजबुज आली. ती हाडवैद्यांची.

"तुमचाच ना? ज्येष्ठ तुम्ही."

"मी डावीकडे आहे. सुरुवात उजवीकडून होते."

"मला वाटलं मी नुसतं बघायचंय," भिंग म्हणाले.

"तुम्ही लावा हो हात, मी आहे मागं," जलकाकांनी धीर दिला. कुणाला, ते कळलं नाही.

धाकट्यांनी डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर आगीच्या वेळी काय करावं याची पाटी होती. आग असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. टेबल खडखडू लागलं. टेबलाचा दोष नव्हता.

"मॅडम, जरा पाणी."

कुणीतरी पेला दिला. टेबलावर उभ्यानंच त्यांनी तीन पेले पाणी प्यायलं. मग पडायचं म्हणून गुडघे वाकवले, पण गुडघे वाकले ते वाकलेच, आणि धाकटे हळूहळू टेबलावर बसले. पलंगावरून लहान मूल उतरतं तसा त्यांनी आधी एक पाय खाली सोडून जमीन चाचपली. कुणी हसलंही नाही. हसणं परवडलं असतं. शंकाताईंनी तर मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. एवढा अपमान धाकट्यांचा आयुष्यात झाला नव्हता.

"फोन काढा," मॅडम म्हणाल्या. "फोटो तुम्ही घ्या."

त्यांनी चष्मा काढून धाकट्यांच्या हातात दिला, चपला टेबलाखाली जोडून ठेवल्या आणि त्या वर चढल्या. धाकट्यांना 'नको' म्हणायचं होतं. तोंडातून "हो मॅडम" आलं. अकरा महिन्यांत तोंडाला तेवढंच वळण लागलं होतं.

"सगळे तयार?"

"तयार," चौघं एका सुरात म्हणाले. त्या विभागात चौघांचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

"हसा," धाकटे क्षीण आवाजात म्हणाले. परिपत्रकात तसं होतं.

मॅडम मागं कलल्या. फोनच्या पडद्यावर धाकट्यांना सगळं दिसलं. आठ हात पुढं आले. आठही हात झेलण्यासाठी अगदी सज्ज होते, आणि प्रत्येक हात दुसऱ्या कुणाचा तरी आधी लागण्याची वाट बघत होता. कुणाचा लागला की लगेच बाकीचे लागणार होते. मॅडम त्या आठ हातांच्या मधून, कुणालाही धक्का न लावता, खाली गेल्या. धाकट्यांचं बोट भीतीनं दाबलं गेलं आणि फोटो निघाला.

आवाज मोठा नव्हता. जाड रजिस्टर जमिनीवर पडावं तसा.

"वेळ नोंदवा," जमिनीवरून मॅडम म्हणाल्या.

"तीन अठरा," चौघं म्हणाले.

हाडवैद्य खाली बसले. बावीस वर्षं त्यांनी मोडलेली हाडं फक्त कागदावर पाहिली होती. "उजवं मनगट," ते हळुवारपणे म्हणाले. "मॅडम, फार व्यवस्थित मोडलंय." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. सोमवारी मॅडम वेळेवर आल्या आणि त्यांनी स्वतःचा दावा स्वतःच्याच विभागात दाखल केला. "दडवलं तर लबाडी होईल," एवढंच म्हणाल्या. फॉर्म डाव्या हातानं भरला होता. अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी कागदाबाहेर निघाली होती.

चौघांचे जबाब झाले. 'मी दुसरा हात लावण्याच्या तयारीत होतो,' असं चौघांनी स्वतंत्रपणे लिहून दिलं. भिंग यांनी फोटो तपासला, मोजपट्टी लावली, आणि अहवाल दिला की आठही हात मॅडमपासून सारख्याच अंतरावर, चार चार बोटांवर आहेत, आणि सर्व कर्मचारी हसत आहेत. तो फोटो मुख्य कार्यालयालाही गेला. मॅडम हवेत, डोळे मिटलेले, चेहरा शांत. भोवती पसरलेले हात. मुख्य कार्यालयाला तो इतका आवडला की त्यांनी सगळ्या विभागांना हाच उपक्रम करण्याची सूचना काढली.

मॅडमची फाईल मात्र फिरू लागली. स्वतःच्या दाव्यावर मॅडम सही करू शकत नव्हत्या, म्हणजे नेहमी पहिली सही करणारं माणूसच नव्हतं. सोमवारी ती चारही टेबलांवर जाऊन आली. मंगळवारी पुन्हा. प्रत्येकानं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं: 'दुसऱ्या सहीस हरकत नाही.' मंगळवारी दुपारी ती धाकट्यांच्या टेबलावर आली.

"माझ्याकडे काचा असतात," धाकटे म्हणाले.

"मनगट काचेसारखंच फुटलंय हो," हाडवैद्य म्हणाले. "बघा ना, बसतंय का तुमच्यात."

धाकट्यांनी फाईल उघडली. दावा मंजूर करायचा तर तो अपघात, आणि अपघात म्हटला की निष्काळजीपणा कुणाचा हा प्रश्न, आणि उपक्रम तर धाकट्यांचा. नामंजूर करायचा तर ज्या बाईंच्या टेबलावर आपला फॉर्म पडलाय, त्यांनाच प्लॅस्टरसकट नकार द्यायचा. दोन्ही रस्ते तळघरातच उतरत होते. महिना गुरुवारी संपत होता. त्यांनी फाईल मिटली. पुन्हा उघडली. उत्तर काय, हे त्यांना स्टोअरच्या जाळीपाशीच कळलं होतं, आणि तेच जास्त भीतिदायक होतं; न कळणाऱ्या माणसाला निदान विचार करतोय असं सांगता येतं.

पाच वाजता त्यांनी लिहिलं: 'पडणं ठरवून होतं. कलम एकोणीस. दावा नामंजूर. झेलणं मात्र ठरवलेलं नव्हतं. पहिला हात कुणाचा, हा रकाना मी विचारायला घाबरलो म्हणून कोरा राहिला. चूक माझी.' आणि खाली सही केली. ती सही त्यांची त्यांनाच खोटी वाटली.

मग त्यांनी मान वर केली. चौघं टेबलाभोवती उभे होते, पेनं उघडून. एकच दुसरी सही पुरली असती. चार झाल्या, आणि तिथून पुढच्या अर्ध्या मिनिटात विभाग रिकामा झाला. मॅडमची घंटा वाजली तेव्हा धाकटे एकटेच होते.

मॅडमनी वाचलं. डाव्या हातानं पान उलटलं. मागं काही नव्हतं. पुन्हा पुढं वाचलं.

"घाबरलात?"

"हो मॅडम."

"मग सही का केलीत?"

धाकट्यांनी टेबलावरच्या फाईलकडे बघितलं. "दोन दिवस फाईल फिरत होती मॅडम. कुणी धरतच नव्हतं. मला वाटलं, ही पण पडणार."

मॅडमनी फाईल मिटली. मग धाकट्यांचा फॉर्म पुढं सरकवला. "मला नीट लिहिता येत नाही. सातवा रकाना मी सांगते, तुम्ही लिहा. सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची क्षमता: अजिबात नाही."

धाकट्यांनी लिहिलं. 'अजिबात' लिहिताना पेन दोनदा थांबलं. कानात पाणी शिरल्यासारखं झालं होतं.

"पुढं लिहा. म्हणून कायम करावे."

धाकटे ऐकायला पुढं वाकले. "काय मॅडम?"

"ऐकलंत तेच," मॅडम म्हणाल्या, आणि डाव्या हातानं खाली सही केली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण ती सही मुख्य कार्यालयातून बुधवारी परत आली. नमुन्याच्या सहीशी जुळत नाही. अंगठा चालेल का, असं धाकट्यांनी फोनवर विचारलं. अधिकाऱ्यांचा अंगठा चालत नाही, असं कळलं. उजवा हात बरा होईपर्यंत फॉर्म थांबेल. तोवर सध्याच्या अधिकाऱ्यांना आणखी काही झालं आणि त्यांच्या जागी नवे अधिकारी आले, तर नवा फॉर्म, सातही रकाने कोरे.

त्या दिवसापासून धाकट्यांची भीती एका जागी गोळा झाली. कुत्रे, लिफ्ट, फोन सगळं मागं पडलं. उरल्या फक्त मॅडम आणि तीन मजल्यांचा जिना. मॅडम लिफ्ट वापरत नसत; लिफ्टच्या फायली त्यांनी वाचलेल्या होत्या. जिना उतरताना माणूस पुढं पडतो, हे धाकट्यांनी वाचलेलं होतं. म्हणून कार्यालय सुटलं की ते मॅडमच्या पुढं, त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, उलट्या पावलांनी जिना उतरू लागले. लोक भिंतीला चिकटून वाट देत.

"हात खाली घ्या धाकटे," मॅडम म्हणाल्या. "लोक बघतायत."

"हो मॅडम," धाकटे म्हणाले, आणि हात तसेच ठेवले.

"आणि मागं बघून चाला."

"मागं बघितलं तर तुमच्याकडे कोण बघणार मॅडम?"

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांची टाच पायरीवरून सुटली. ओरडायलाही वेळ झाला नाही. जिना पाठीमागं एकदम मोठा झाला, आणि तेवढ्यात ते थांबले. मॅडमनी डाव्या हातानं त्यांच्या शर्टाची छाती मुठीत धरली होती. दोन बटणं तुटून खाली टकटकत गेली.

धाकट्यांनी चाचपत टाच पायरीवर टेकवली.

"मॅडम," धाकट्यांनी श्वास आवरत विचारलं, "हे नोंदवायचं का?"

"काय नोंदवायचंय? काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि तळमजला येईपर्यंत त्यांनी शर्ट सोडला नाही.